बेचाळीस किलो वाळू

व्हीलचेअरसाठी बांधलेला उतार तपासायचा असेल तर खुर्चीत माणूस बसवू नये, असं माझं जुनं मत आहे. माणूस भिडेखातर खोटं बोलतो. ज्याने रॅम्प बांधला तो समोर उभा असला की "छान झालाय हो, काही त्रास नाही" म्हणतो आणि घरी जाऊन शेजाऱ्यांना सांगतो की जीव मुठीत धरून उतरलो. म्हणून मी खुर्चीत वाळू बसवतो. वाळूला कुणाची भीड नसते.

माझं नाव अनंत गद्रे. वय एकाहत्तर. चौतीस वर्षं एका बांधकाम कंपनीत काढली, आता सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लोकांचे रॅम्प फुकट तपासून देतो. बँका, दवाखाने, नाट्यगृहं, एक स्मशानभूमीसुद्धा. पद्धत साधी आहे. खुर्चीत वाळूच्या तीन पिशव्या ठेवायच्या, पुढच्या दांडीला दोरीने ताणकाटा अडकवायचा, दहा पावलं सावकाश ओढायचं आणि काटा किती किलोवर थांबतो ते वहीत लिहायचं. वर जाताना एक रकाना, परत येताना दुसरा. परतीचा रकाना रिकामा असेल तर तपासणी झालीच नाही असं मी मानतो. चढताना सगळेच सावध असतात, माणूस पडतो तो उतरताना.

पिशव्या माझ्या बायकोने, नीरजाने शिवल्या होत्या. गादीचं निळ्या पट्ट्यांचं जाड कापड, दुहेरी शिवण. प्रत्येकीत चौदा किलो, म्हणजे एकूण बेचाळीस. बेचाळीसच का, असं कुणी विचारलं तर मी सांगतो की खुर्चीत तेवढ्याच मावतात. हे खरं नाही. पिशव्या शिवल्या त्या आठवड्यात डॉक्टरांनी नीरजाचं वजन केलं होतं, ते बेचाळीस भरलं.

मणक्याच्या आजारात तिचं कमरेखालचं बळ गेलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. खुर्चीसकट तिला खाली न्यायला दोन माणसं लागायची आणि उचलून नेलेलं तिला मुळीच आवडायचं नाही. हात मांडीवर घट्ट ठेवून ती समोर बघत बसायची. दर वळणावर मात्र त्या माणसांना म्हणायची, "थांबा हो जरा, जिन्याला दम लागला असेल." साडेचार वर्षांत ती अकरा वेळा खाली उतरली. अकराही वेळा दवाखान्यात.

घरात ती खुर्ची स्वतः चालवायची. तिचे हात शेवटपर्यंत चांगले होते. चाकाला बाहेरून जी कडी असते ती धरून तीन रेटे द्यायची आणि थांबायची. पुन्हा तीन रेटे, पुन्हा थांबायची. स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते दार. आमच्या खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत पर्वती दिसते आणि तिच्याही मागे डोंगराची एक निळसर पट्टी. त्या पट्टीकडे बघत ती दुलई शिवायची, शेंगा सोलायची. आणि मी शहरभर रॅम्प तपासत हिंडायचो. एकदा मी पिशव्या घेऊन निघालो तेव्हा ती म्हणाली, "मला नाही नेता आलं, पण माझ्या वजनाची वाळू तरी गावभर फिरवताय. चांगलं आहे." मी हसलो होतो. तीही हसली होती, पण माझ्यानंतर.

त्या निळसर पट्टीत दुधाणी आहे. कात्रजच्या डोंगराच्या कुशीतला लहानसा धबधबा. लग्नाआधी, एक्क्याऐंशीच्या श्रावणात आम्ही दोघं स्कूटरवरून तिथे गेलो होतो. तेव्हा नुसती पायवाट होती. निम्म्या चढावर तिच्या चपलेचा अंगठा तुटला. धबधब्याचा आवाज स्पष्ट येत होता, एका वळणाचं अंतर असेल. ती म्हणाली, अनवाणी येते. मी म्हणालो, काटे आहेत, उशीरही झालाय, पुढच्या वेळी येऊ. मग नोकरी, घर, तिचं शाळेत शिकवणं, माझ्या बदल्या. दर पावसाळ्यात एकदा ती म्हणायची, "आवाज ऐकलाय मी त्याचा, पाहायचा राहिलाय." तिथे चाकाच्या खुर्चीसाठी रस्ता होणार असं कळलं तेव्हा मी शब्द दिला, रस्ता झाला की पहिली तू. रस्ता व्हायला सहा वर्षं लागली. तिला न्युमोनियाने नेलं त्याला या ऑगस्टमध्ये दीड वर्ष झालं.

रस्ता करणाऱ्या संस्थेतल्या मुलीचा, स्पृहाचा फोन आला तो मंगळवारी. "काका, रविवारी ओपनिंग आहे. त्याआधी तुमचं सर्टिफिकेट हवं. तुमच्या त्या वाळूवाल्या टेस्टचं." मी हो म्हणालो. खुर्ची कुठली नेऊ हा प्रश्नच नव्हता. नीरजाची खुर्ची दीड वर्ष पलंगामागे घडी करून ठेवली होती. ॲल्युमिनियमची, वजन सोळा किलो. मी ती पुसली, चाकांत हवा भरली आणि गुरुवारी सकाळी एका हाताने तीन मजले खाली आणली.

स्पृहा बिबवेवाडीत राहते. तिथून गाडी घेऊन आली, पिशव्या तिनेच डिकीत टाकल्या. कात्रजच्या पुढे डावीकडे वळून डोंगराच्या पायथ्याला पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. बारीक पाऊस होता, छत्री उघडावी की नाही असा. फाटकावर मच्छिंद्र नावाचा रखवालदार होता, तिथल्याच वाडीतला. त्याने खुर्ची डिकीतून एका हाताने काढली आणि झटका देऊन उघडली.

"आज्जी न्हाई आल्या?" रिकामी खुर्ची बघून त्याने विचारलं.

"नाही. वाळू आलीय," मी म्हणालो.

रस्ता खरोखर चांगला झाला होता. लोकांना वाटतं मला दोष काढायला आवडतात. मला काम नीट झालेलं आवडतं, फक्त ते फारसं बघायला मिळत नाही. आठशे मीटर लांबी, खडबडीत सिमेंट, दोन्ही बाजूंना दोन उंचींवर कठडे. चढ सगळीकडे सारखा, पंधरा मीटरला एक मीटर. दर शंभर मीटरला सपाट जागा आणि बाक. असा चढ असेल तर अठ्ठावन्न किलोची भरलेली खुर्ची ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. तो शेवटपर्यंत तेवढाच लागायला हवा.

ठरलं असं की ढकलायचं स्पृहाने आणि दर शंभर मीटरला, सपाट जागेच्या अलीकडे, मी काटा लावला की तिने हात काढायचे आणि ओढायचं मी. पहिल्या शंभरला पाच. दुसऱ्याला पाच. तिसऱ्याला पाचला एक रेघ कमी. मी वहीत लिहिलं. कठड्याच्या पलीकडे तेरडा फुलला होता. दरीतून पाण्याचा आवाज येत होता, पण तो खालच्या ओढ्याचा.

"काका, तुम्ही आधी आला होतात इथे?" स्पृहाने विचारलं.

"निम्म्यापर्यंत."

"मग पुढे?"

"चप्पल तुटली."

ती पुन्हा ढकलू लागली. शहाणी मुलगी आहे.

चारशे मीटरवर काटा साडेतीनवर थांबला. मी पुन्हा ओढलं. साडेतीनच. काटा जुना आहे, कमान ढिली झाली असेल, म्हणून मी बाकाजवळ थांबून एक पिशवी काट्याला टांगली. चौदा किलो, बरोबर. दुसरी आणि तिसरीही बरोबर. मग मला वाटलं, कंत्राटदाराने इथे चढ कमी धरला असेल. स्पृहाकडे पातळी मोजायची पट्टी होती, तिने ती सिमेंटवर ठेवून दोनदा पाहिलं.

"एकास पंधराच आहे, काका. एक्झॅक्ट."

मी साडेतीन लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. माझ्या वहीत प्रश्नचिन्हं नसतात.

पाचशेला दोन. इथवर येताना स्पृहा एकदा म्हणाली होती, "सोपं होत चाललंय की हे."  आता खुर्ची सरळ चालत नव्हती. जराशी पुढे उसळायची, मग रेंगाळायची. मी म्हणालो, नीट एकसारखं ढकल. ती म्हणाली, मी एकसारखंच ढकलतेय.

सहाशेच्या अलीकडे मी काटा लावला आणि तिला हात काढायला सांगितलं. ओढायला म्हणून मी पहिलं पाऊल टाकलं आणि दोरी सैल पडली. काटा शून्यावर. खुर्ची चढावर माझ्या मागून येत होती.

मी थांबलो. खुर्ची आणखी हातभर आली आणि तीही थांबली.

"वारा असेल ना मागून?" स्पृहा म्हणाली. वारा समोरून होता. तिच्या छत्रीच्या काड्या मागे वळत होत्या.

तेव्हा मी पहिल्यांदा चाकांकडे नीट पाहिलं. पाऊस सगळीकडे सारखा पडत होता. कठड्याखाली थेंबांची रांग लोंबत होती. खुर्चीचे हात ओले होते, पिशव्यांच्या निळ्या पट्ट्या भिजून काळ्या झाल्या होत्या. चाकांच्या बाहेरच्या दोन्ही कड्या मात्र कोरड्या होत्या. पुसल्यासारख्या. मी बघत असताना डाव्या कडीवर तीन-चार थेंब पडले. खुर्ची वीतभर पुढे सरकली आणि थेंब नाहीसे झाले.

मग ती चालू लागली. एक रेटा, दुसरा रेटा, तिसरा रेटा. थांबली. पुन्हा तीन, आणि थांबली.

स्वयंपाकघर ते खिडकी. ही चाल मी साडेचार वर्षं दुसऱ्या खोलीत वर्तमानपत्र वाचताना ऐकली होती. ऐकून वैतागायचोसुद्धा.

मला भीती वाटली नाही. हे मी नोंद म्हणून लिहितो आहे, बढाई म्हणून नाही. मला एवढंच कळलं की स्पृहाने आता इथे असू नये.

"स्पृहा, तू खाली जाऊन फाटकावर थांब. पुढचं मी बघतो."

"काका, एकटे? आणि हे असं..."

"उतारात काहीतरी गडबड आहे. निवांत मोजतो. जा तू."

ती गेली. वळणावर एकदा मागे बघून गेली.

सातशेला मी काटा लावलाच नाही. मला खुर्चीबरोबर राहायला भरभर चालावं लागत होतं. तीन रेटे आणि विसावा, पण विसावे लहान होत चालले होते. शेवटच्या वळणावर विसावा नव्हताच. आवाज वाढत गेला, एक्क्याऐंशीत ऐकलेला तोच. आणि झाडी संपली.

दुधाणी फार मोठा नाही. साठ-सत्तर फुटांवरून तीन पदरांत पडतो आणि खाली काळ्या कातळावर फुटून पांढरा होतो. समोर सिमेंटचा चौथरा आणि बसलेल्या माणसाच्या नजरेला आडवा येणार नाही असा खाली घेतलेला कठडा. हे स्पृहाने फार विचार करून केलं होतं. खुर्ची कठड्याशी गेली आणि थांबली. मी सवयीने दोन्ही ब्रेक लावले.

"हाच तो आवाज," मी म्हणालो. आणखी काय म्हणायचं असतं?

खुर्चीत वाळूच्या तीन पिशव्या होत्या. मला दुसरं काही दिसलं नाही, आणि दिसलं असं मी म्हणणार नाही. मी शेजारच्या बाकावर बसलो. आम्ही दोघं वीस मिनिटं धबधबा पाहत होतो. मला खूप सांगायचं होतं. दवाखान्यात न्यायला जिन्यावरून उचलून उतरवलं, तसं या डोंगरावरही मी तुला उचलून आणायला हवं होतं. दोन माणसं मिळत होती, चार मिळाली असती. पण मला रस्ता हवा होता, एकास पंधराचा. यातलं काही मी बोललो नाही. पाण्याच्या आवाजात मला माझंच ऐकू आलं नसतं.

घड्याळात साडेअकरा झाले. मी उठलो तेव्हा दिसलं की ब्रेक लावलेली खुर्ची कठड्याकडे वीतभर सरकली होती. चाकं घासत गेल्याच्या काळ्या खुणा सिमेंटवर उमटल्या होत्या. तीन आखूड ओरखडे.

इथे मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. खुर्ची तिथेच ठेवायची, ब्रेक काढायचे आणि एकट्याने डोंगर उतरायचा. चव्वेचाळीस वर्षं तिला जे पाहायचं होतं त्यासमोर ती बसली होती. पण मला घर आठवलं. ती खिडकी, आणि दीड वर्ष माझ्याशिवाय ज्यांत कुणी हललं नव्हतं त्या दोन खोल्या. मी स्वतःला सांगितलं, परतीचा रकाना राहिलाय.

मी ब्रेक काढले, खुर्ची वळवली. काटा लावला आणि खाली ओढलं.

उतारावर खुर्ची आपसूक खाली जाते. तिला रोखावं लागतं. ही हलली नाही. काटा आठवर गेला, दहावर गेला, पंधरावर गेला. मी वाकून पाहिलं. कड्या कोरड्या होत्या. चाकांत काही अडकलं नव्हतं.

मी एक पिशवी काढून बाकावर ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. आता खुर्चीत काहीच नव्हतं, सोळा किलो ॲल्युमिनियम आणि रेक्झिन. मी ओढलं. काटा पंचवीसवर जाऊन टेकला. त्याच्यापुढे आकडे नाहीत.

मी काटा सोडून दिला. खुर्चीसमोर ओल्या सिमेंटवर बसलो. एकाहत्तराव्या वर्षी गुडघ्यांवर बसणं सोपं नसतं.

"नीरजा, घरी चल," मी म्हणालो. "मला तिथे एकट्याला होत नाही."

पाणी पडत होतं.

"एवढं माझं ऐक. परत आणीन मी तुला. पुढच्या वेळी."

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोललो ते.

बराच वेळ गेला. मग खुर्ची हलली. तीन रेटे नव्हते. एकच, सावकाश, खालच्या दिशेला.

चारशे मीटरपर्यंत मला ती ओढावीच लागली. कड्या तिथवर कोरड्या होत्या, कुणी हातांनी धरून ठेवल्यासारख्या. चारशेच्या बाकापाशी पावसाचे थेंब कड्यांवर दिसू लागले. तसेच राहिले. मी समजलो. हात मांडीवर गेले होते.

वाळू वरच राहिली.

फाटकावर स्पृहा धावत पुढे आली. "काका, एक वाजला! ठीक आहात ना?" मी म्हणालो, ठीक आहे, रस्ता उत्तम आहे. मच्छिंद्रने खुर्चीत डोकावलं.

"पोती कुठं टाकली?"

"वर राहिली. मागवून घे नंतर."

त्याने खुर्ची घडी करायला सीटचा पट्टा वर ओढला. ती मिटेना. मग तशीच उघडी गाडीत ठेवू म्हणून त्याने एका हाताने उचलली, खाली ठेवली, दोन्ही हात लावले आणि शेवटी स्पृहाला बोलावलं.

"लई जड हाय वो. सकाळी अशी नव्हती."

"पाणी प्यायलीय," मी म्हणालो. मला तेवढंच सुचलं. मागची सीट आडवी करून खुर्ची ठेवली.  स्वारगेटपर्यंत स्पृहाने आरसा थोडा वर फिरवून ठेवला होता, मागचं काही दिसू नये असा.

आमच्या इमारतीखाली मी तिला निरोप दिला आणि खुर्ची उचलायला गेलो. जमिनीपासून सुटली नाही. दुसऱ्या मजल्यावर गेल्या वर्षीपासून योगेश आणि तेजस नावाची दोन मुलं भाड्याने राहतात, अकोल्याकडची, हिंजवडीत कंपनीत आहेत. गुरुवारी घरूनच काम करतात. त्यांनी नीरजाला कधी पाहिलं नव्हतं. मी हाक मारली तशी दोघं चपला न घालताच खाली आली.

"काका, रिकामी तर आहे," योगेश म्हणाला. मग त्याने उचलून पाहिली आणि तेजसकडे बघितलं. "तू पुढून धर बे."

ती दोघं धापा टाकत चढली. पहिल्या वळणावर तेजस म्हणाला, "दोन मिनिटं थांबू का, काका?"

"थांबा," मी म्हणालो. "जिन्याला दम लागला असेल."

दोघं हसली. मीही हसलो, मोठ्याने. मला फार बरं वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदा.

त्या संध्याकाळी मी वहीत परतीचा रकाना भरला. आठही ठिकाणी तीन, उतरताना रोखायला जेवढा जोर लागायला हवा तेवढा. चौतीस वर्षं नोकरी आणि अकरा वर्षं रॅम्प, यात मी लिहिलेला हा पहिला खोटा आकडा. रविवारी उद्घाटन झालं. स्पृहाने फोटो पाठवले, माणसं खुर्च्यांतून धबधब्याकडे बघत हसताहेत. पिशव्या मच्छिंद्रने ठेवून घेतल्यात, कधी नेता, असं तिने विचारलं. मी म्हणालो, राहू देत.

आता तीन आठवडे झाले. घर भरल्यासारखं वाटतं. मी वर्तमानपत्र वाचतो आणि दुसऱ्या खोलीत कानोसा घेतो. मी खुर्ची खिडकीशी ठेवतो, पर्वतीकडे तोंड करून. तिथून डोंगराची पट्टी दिसते. ती तिथे थांबत नाही. सकाळी उठावं तर खुर्ची दाराशी असते, दाराकडे तोंड करून. मी परत खिडकीशी नेतो. हलवायला फार जड जाते.

योगेश आणि तेजस दर गुरुवारी घरी असतात. एक हाक मारली की येतील. स्पृहा गाडी आणेल. तीन गुरुवार गेले. पहिल्या गुरुवारी पाऊस फार होता. दुसऱ्या गुरुवारी माझे गुडघे दुखत होते. काल मी जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

काल रात्री मी झोपताना ब्रेक लावले. दोन्ही. वरून चाकांना दोरीही बांधली.

आज सकाळी खुर्ची दाराशीच होती. दोरी बांधलेली होती. ब्रेक लागलेले होते. खिडकीपासून दारापर्यंत फरशीवर रबराचे काळे ओरखडे आहेत. तीन, मग थोडी मोकळी जागा. पुन्हा तीन. मी ओल्या फडक्याने पुसून पाहिले. निघत नाहीत.